दुपारी सव्वादोन ते साडेतीन : शून्य वाहने

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.

आजपासून दोन वह्या. एक ही, माझी. दुसरी लांबट, रेघांची, कामाची. तिच्यावर लिहिलंय : होटगी रोडवरील वाहतुकीची सद्यःस्थिती. निरीक्षक वैजयंती.

कारण नोंदवून ठेवते, पुढे घोळ नको. समोरची मनकर्णा, माझी पहिलीपासूनची मैत्रीण, बारा तारखेला कायमची नाशिकला चालली. मुलाकडे, प्रदीपकडे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं तिथेच, मग राहणंही तिथेच. माझ्या व्हरांड्यातून तिची बाल्कनी दिसते, तिच्या बाल्कनीतून माझा व्हरांडा. मध्ये फक्त रस्ता. तो रुंद झाला, डिव्हायडर आला, त्यानंतर आठ महिने मी तिच्याकडे गेले नाही. वेळ मिळाला नाही. रिटायर्ड माणसाला लोक समजतात तेवढा वेळ नसतो.

ती जायच्या आत एकदा जाऊन येणार. पण उगाच धावत नाही, अभ्यास करून. गेल्या आठवड्यात रस्त्याच्या सर्व्हेसाठी संस्कृती नावाची इंजिनिअर आली होती. दोन दिवस आमच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसली. मी ताक दिलं. तिच्याकडून शिकले : आधी सद्यःस्थिती, मग उपाय. जाताना म्हणाली, “मॅडम, तुम्हीपण लक्ष ठेवा.” म्हणजे जबाबदारी आलीच.

दहा दिवस आहेत. भरपूर झाले.

सकाळी ११.

पहिली मोजणी पूर्ण. दूधवाला धरला नाही, ओळखीचा आहे. इस्त्रीवाला तसाच. स्कूलव्हॅनचा ड्रायव्हर रोज हात करतो, तोही नाही. ओळखीचे लोक म्हणजे ट्रॅफिक नव्हे.

तरीही एका तासात पान भरलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.

निंगव्वा कामाला कुंभारीहून येते. समोरच्या बाजूला उतरते आणि सरळ चालत रस्ता ओलांडते. एक हात वर. बस थांबते, उसाचा ट्रॅक्टर थांबतो. मी तिला पद्धत विचारली. म्हणाली, “कसली पद्धत बाई? हात दाखवायचा अन् चालाय लागायचं. थांबत्यात की समदी.” मी म्हटलं, नाही थांबला तर? म्हणाली, “तुमी लई इचार करता. म्हनून तर पडला.”

मी पडले नव्हते. जूनमध्ये एक मोटारसायकल पदराला घासून गेली आणि मी रस्त्यावर बसले. बसणं आणि पडणं यात फरक आहे. निंगव्वाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुपारी सव्वादोन ते साडेतीन : वाहने शून्य. आश्चर्य आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५.

चारचा चहा नेहमीप्रमाणे मनूबरोबर. ती बाल्कनीत, मी व्हरांड्यात, फोन स्पीकरवर. कप उचलून दाखवायचा, मग पहिला घोट. मध्येच ट्रक आला की ती दिसेनाशी होते आणि नुसता आवाज राहतो. आज सलग तीन आले. तेवढ्यात आपण दोघी म्हाताऱ्या झालो असं वाटलं.

तिला सर्व्हेचं सांगितलं. ओळखीचे धरत नाही म्हटल्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. “अगं, मग सोलापुरात मोजणार कुणाला?” मग म्हणाली, “वैजू, येशील ना?” मी म्हटलं, डेटा हातात आला की लगेच.

कॉन्व्हेंटमधून सिस्टर आम्हाला फिरायला न्यायच्या ते आठवलं. दोघी-दोघींची रांग. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा. या रस्त्यावर तेव्हा बघायला काही नसायचं. एखादा टांगा, एखादी सायकल. तरी मनू मला आतल्या अंगाला घ्यायची आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला चालायची. मी तिच्याहून उंच होते, तरी.

दुपारची मोजणी : शून्य. पुन्हा.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९.

रिक्षाचा पर्याय तपासला. ड्रायव्हरला समोरचं घर दाखवलं. तो घराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “ताई, समोर तर हाय की. तेवढ्यासाठी त्या चौकातनं वळून येऊ व्हय?” आणि हसला. मी त्याचा नंबर लिहून घेतला. तक्रार करणार नाही, पण लिहून घेतला.

आता उरला तो पायी मार्ग.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८.

मोहीम क्रमांक एक. यश : पन्नास टक्के.

सहा दहाला निघाले. रस्ता मोकळा होता. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि चालत डिव्हायडरपर्यंत पोचले! कण्हेरीच्या दोन झुडपांमध्ये उभी राहिले. समोर मनू बाल्कनीत, गाऊनवर शाल. तिने दोन्ही हात वर केले.

मग उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एका ट्रॅक्टरला दोन, त्यावर गाणी. त्यामागे दुसरा. त्यामागे बस. प्रत्येक वेळी एक पाय खाली घेतला आणि वर घेतला. मनू काहीतरी ओरडत होती, गाण्यात ऐकू आलं नाही. वीस मिनिटं झाली असतील. दोनदा वाटलं, आता. दोन्ही वेळा नव्हतं.

निंगव्वा आज लवकर आली होती. तिने मधूनच माझा दंड धरला आणि विचारलं, “कुटं जायचं, बाई? तिकडं का घरला?”

दोन्हीकडे अंतर सारखंच होतं. पण गॅसवर दूध होतं, म्हणून घरला म्हटलं.

(दूध काल रात्रीच तापवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. गडबडीत लक्षात राहिलं नाही.)

मनूचा फोन आला. फक्त, चहा घेतलास का.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.

युरेका. हा शब्द सायन्सच्या मिस वापरायच्या.

सगळे आकडे एका पानावर मांडले. सकाळी गर्दी, दहानंतर जास्त, संध्याकाळी विचारू नका. पण दुपारी सव्वादोन ते साडेतीन रोज शून्य. सहा दिवस, सलग. एक सायकलसुद्धा नाही. मी स्वतः व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून घेतलेली मोजणी आहे. ऊन असतं, डोळे दिपतात, म्हणून मिटून घेते आणि आवाजावरून मोजते. कान माझे उत्तम आहेत.

सोलापूर दुपारी झोपतं, हे त्याचं कारण. इतकी साधी गोष्ट इंजिनिअरांना सुचू नये.

बुधवारी, अकरा तारखेला, सव्वादोन वाजता जाणार. मनूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “दुपारी? तू?” मी म्हटलं, का? ती म्हणाली, “काही नाही, ये.”

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.

संस्कृती आली. तिला वही दाखवली. पानं उलटून बघत होती, चेहरा गंभीर. माझे रकाने आवडले असावेत. मग बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हे शून्य... रस्ता बंद होता का?” मी म्हटलं, नाही. “मग मोजणी बंद होती का?” मी म्हटलं, निरीक्षक जागेवर हजर होती. ती म्हणाली, आमच्या कॅमेऱ्यात तर ती वेळ शाळा सुटायची, बरीच गर्दी दिसते.

कॅमेरा खांबावर आहे. मी जमिनीवर आहे. अनुभव कुणाचा धरायचा?

स्वयंपाकघरातून निंगव्वा म्हणाली, “घोरत्यालं बी आवाजावरनंच मोजत्यात व्हय?” ती एकला जाते. तिला काय माहीत.

पायी चालणाऱ्यांना मोटारींच्या हिशेबात धरत नाहीत, त्यांचा तक्ता वेगळा, हेही आज कळलं. माझ्या वहीत तो तक्ता नव्हता. आखून घेतला. त्यात सध्या निंगव्वा आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.

मनूसाठी शेंगाचटणी. निंगव्वाने उखळात कुटली, तेल सुटेपर्यंत. मिक्सरची मनूला चालत नाही. काचेची बरणी भरून टेबलावर ठेवली. नाशिकला ही मिळणार नाही. मिळाली तरी अशी नाही.

समोर बाल्कनीत कुंड्या दिसेनाशा झाल्यात. कुणाला तरी दिल्या असतील. सामान बांधतायत. आज चहाला कप उचलला तोसुद्धा कागदाचा होता.

भीती वगैरे नाही. फक्त उद्याची तयारी पक्की हवी.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.

अपवादात्मक दिवस.

सव्वादोनला फाटकाबाहेर. बरणी छातीशी. आज काळजीने डोळे मिटले नाहीत, त्यामुळे अगदी वेळेवर. आणि समोर काय, अख्खं शहर. स्कूलव्हॅन, त्यात दप्तरं लटकलेली. कॉलेजची पोरं एका गाडीवर तिघं. टँकर. उसाच्या ट्रॉल्या. टेम्पोत फ्रिज बांधलेला आणि फ्रिजवर माणूस बसलेला. हे सगळे रोज कुठे असतात? माझ्या वहीत आठ दिवस शून्य असताना आजच बरे बाहेर पडले?

हात दाखवला. निंगव्वासारखा, वर. एक मोटारसायकलवाला मी ओळख दाखवतेय समजून हात करून गेला.

पंचेचाळीस मिनिटं उभी होते. मनू समोर उन्हात उभी. तिने काठीवर दोन्ही हात ठेवले होते. इतका वेळ तिला उभं राहता येत नाही. मी खूण केली, आत जा. तिने खूण केली, तू घरात जा. कुणीच गेलं नाही. मग प्रदीपने खुर्ची आणून तिला बसवलं, आणि मी परत फिरले.

डेटा चूक नाही. रस्ता चुकला.

संध्याकाळी ७.

उद्या ती चारला निघणार. म्हणजे सव्वादोनची वेळ अजून आहे. शेवटची.

निंगव्वाला सांगितलं, उद्या कामानंतर इथेच रेंगाळ, बरणी जड आहे, ती धरायला कुणीतरी हवं. ती म्हणाली, “बरनी धरू का हात धरू?” मी म्हटलं, बरणी. मग म्हटलं, दोन्ही. तिला मध्ये रेशन आणायला जायचंय, अडीचला परत येते म्हणाली. “म्या असताना गाडी अंगावर येतीया व्हय? घाबरू नगासा.”

घाबरले नाहीच. पण बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २.०५.

तयार आहे. निळी इरकल नेसले, मनूला आवडते. बरणी टेबलावर. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, पण आता एकदम ताजी आहे.

निंगव्वा यायला पंचवीस मिनिटं. तेवढ्यात शेवटची मोजणी करून घेते. व्यत्यय नको म्हणून फोन सायलेंट केला. खुर्चीत नुसती टेकते. ऊन फार आहे. आवाजावरून

दुपारी ४.१०.

झोपले होते.

जाग आली तेव्हा निंगव्वा पायरीवर बसलेली होती. तिने सगळं सांगितलं. प्रदीपला पोचायला फार रात्र नको होती म्हणून ते लवकर निघाले. मनूने मला तीनदा फोन केला. मग गाडी त्या चौकातून वळल्यावर आमच्या फाटकाशी थांबवायला लावली.

समोरची गाडी बाहेरगावी निघाली की त्या चौकातून वळून याच बाजूने जाते. दहा दिवस रस्ता बघत होते, हे दिसलं नव्हतं.

मनू गाडीतून उतरली. एका हातात काठी, एक हात प्रदीपच्या खांद्यावर. आमच्या तीन पायऱ्या चढली. निंगव्वा म्हणाली, “म्या म्हनलं, उठिवते. त्या म्हनल्या, नगं. साळंत बी अशीच झोपायची, शिवणाच्या तासाला. रातभर जागी असंल, झोपू दे. मग तुमच्या अन् रस्त्याच्या मधी इस्टूल वढून बसल्या. तुमच्या बोटातला पेन काढून घितला. प्रदीपदादा घड्याळ बघत व्हता, त्येला म्हनल्या, दहा मिनटं थांब, काम हाय.”

निंगव्वा गेल्यावर लांब वही उघडली. आजच्या पानावर मनूचं अक्षर, अजून कॉन्व्हेंटचंच, टोकदार.

दुपारी २.३० ते २.४०. मोजणी : मनकर्णा. वाहने २११. वैजू, शून्य नव्हे गं. एवढ्यातून तू डिव्हायडरपर्यंत आली होतीस. माझं भरून पावलं. नाशिकलाही चार वाजतात. फोन कर.

बरणी नेली. टेबलावर तेलाचं वर्तुळ राहिलंय.

समोरची बाल्कनी बंद आहे. कप उचलला आणि खाली ठेवला.

मग रेघा मोजल्या. चार उभ्या, पाचवी आडवी, ती डावखुरी म्हणून उलटी झुकलेली. दोनशे अकरा बरोबर आहेत. फाटकाशी उभी असलेली प्रदीपची पांढरी गाडी तेवढी तिने धरलेली नाही. ओळखीची म्हणून.

मी एक रेघ मारली. दोनशे बारा.