डब्याचं बटण

अण्णा, आज दवाखान्यात एका मुलीनं माझ्या पाठीतून बाहेर आलेल्या तारा एका छोट्या मशीनला जोडल्या आणि विचारलं, "आंटी, काय जाणवतंय?" मी पालथी पडले होते. कुल्ल्यापासून टाचेपर्यंत मुंग्यांची रांग सरसरत गेली आणि चार वर्षं जळत असलेला पाय जरासा गप्प झाला. तेव्हा तुम्ही आठवलात. एरवी मी तुमची फारशी आठवण काढत नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या मणक्यांचीही दोन ऑपरेशनं झाली, तुमच्यासारखीच वाया गेली, आणि आता डॉक्टर म्हणतात, कण्यात तार घालून आठवडाभर करंट देऊन बघू. फरक पडला तर कायमचं बसवायचं. म्हणजे तुमचाच इलाज, फक्त आता डबा लहान झालाय. घरी आले आणि वही काढली. गोड गोड पत्र नाही हे. तसं हवं असेल तर इथंच थांबा.

तुम्ही वायरमन होतात आणि करंटला कधी भ्याला नाहीत. मरोळच्या आपल्या दोन खोल्यांत सगळा वेळ वायरींचा वास असायचा, चाकूनं सोललेल्या रबराचा. मी नऊ वर्षांची असताना केसांचा आकडा प्लगच्या भोकात घालायला निघाले होते. तुम्ही पाहिलंत. ओरडला नाहीत, मारलंतही नाही. शांतपणे एक वायर सोललीत, माझा हात धरलात आणि बोटाची मागची बाजू तिला टेकवलीत. माझा हात उडाला, फडताळावर आपटला. आई किंचाळत स्वयंपाकघरातून आली. तुम्ही तिला म्हणालात, "करंट बसल्याशिवाय अक्कल येणा नाय." मग मला समजावलंत, अगदी मास्तरासारखं, की वायर तपासायची तर उलट्या हातानं. तळहात लावला तर बोटं मिटतात आणि सुटत नाहीत, उलटा हात लावला तर तो आपोआप झटकला जातो. म्हणजे माझ्या बोटाची कुठली बाजू टेकवायची याचा तुम्ही नीट विचार केला होता. कितीतरी वर्षं मला हाच तुमचा प्रेमळपणा वाटायचा. दहावी पास झाले तेव्हा बक्षीस म्हणून तुम्ही मला टेस्टर दिलात. वर्गातल्या इतर मुलींना घड्याळं मिळाली होती.

आई गेली आणि तीन वर्षांनी तुम्ही एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये शिडीवरून पडलात. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, चाळीतले निम्मे पुरुष घरी बसलेले, आणि त्यांच्यात तुमची भर पडली. एक ऑपरेशन, मग दुसरं. हाड जुळलं म्हणाले, फोटो चांगला आला म्हणाले, आणि तुमचा डावा पाय जळतच राहिला. तुम्ही ओरडायचात, मला पाणी आणायला लावायचात, आणलं की ते गरम आहे म्हणून भिंतीवर फेकायचात. मी औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या भरायला जायचे. दिवसभर उभं राहून घरी यायचे तर चादर बदल, पाय दाब, दाबू नको, सोड, धर. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात, तुमचा तर बसकण मारून बसला होता. खरं सांगते, माझा तुमच्या दुखण्यावर विश्वास नव्हता. जखम भरलेली, सूज नाही, ताप नाही. मला वाटायचं, हा माणूस आयुष्यभर हुकूम सोडत आला, आता पडल्या पडल्या सोडतोय.

मग ते डॉक्टर भेटले, परदेशात शिकून आलेले. त्यांनी तुमच्या कण्यात बारीक तार सरकवली आणि बरगडीखाली, कातडीच्या आत, रुपयाएवढी चकती बसवली. बाहेरून त्या चकतीवर तारेचं एक वेटोळं पट्टीनं चिकटवायचं, वेटोळ्याची वायर ट्रान्झिस्टरएवढ्या डब्यात जायची, डब्यात चौकोनी बॅटरी आणि वर फिरवायचं बटण. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. बटण तिळातिळानं वाढवायचं, डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. पहिल्या दिवशी तुमचा चेहरा सैल पडला आणि तुम्ही झोपलात. मी तुम्हाला दुपारचं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पण सुंभ जळला तरी पीळ कुठं जातो? घरी आल्यावर तुम्ही ते वेटोळं हातात घेतलंत आणि त्याला टेस्टर लावलात. दिवा पेटेना. पेटणार कसा, बॅटरीवरचा डबा तो. तुम्ही म्हणालात, "हेच्यात करंटच नाय. फसवतत." आणि त्याच टेस्टरनं डब्याचे स्क्रू काढलेत. संध्याकाळपर्यंत सगळा संसार चादरीवर पसरला होता. पुढचा महिनाभर डबा दुरुस्तीला आणि तुम्ही कळा सोसत. डॉक्टर इतके चिडले की तुमच्याकडे बघेनातच. डबा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "यापुढे हा फक्त तुम्ही लावायचा. त्यांना हात लावू द्यायचा नाही." तुम्ही मान खाली घातलीत. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्या दिवशी ससा माझ्या हाती आला, आणि बसमधून येताना मला आनंद झाला होता, अण्णा.

तरी सुरुवातीला मी नीट लावायचे. मग मला मागणी घालायला ते घरी आले. तुम्हाला आठवत असतील, आमच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होते, राहायला वाकोल्याला. दोन वर्षं आम्ही डबा एकत्र खात होतो. रविवारी सकाळी आले, इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदं. तुम्ही पडल्या पडल्या नाव विचारलंत, मग आडनाव, मग गाव. मराठवाड्यातलं बौद्धांचं घर, हे कळायला तुम्हाला तेवढंच पुरलं. पण तुम्ही आवाज चढवला नाही. हसलात. म्हणालात, "जरा स्टुलावर चढ रे. तो होल्डर सैल झालाय, वायर जरा घट्ट कर. माझ्यानं होत नाही आता. मेन बंद केलंय मी." मेनची खटकी तुमच्या उशाशीच होती. ते चढले. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते आणि पंखा फिरत होता. मेन बंद असताना पंखा फिरत नाही, हे वायरमनच्या मुलीला कळायला किती वेळ लागतो? तोंडाशी शब्द आला होता. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि तो तिथंच राहिला.

ते स्टुलावरून खाली आले ते पाठीवरच. जीभ दातांखाली सापडली होती. तुम्ही त्यांना म्हणालात, "काय रे, आली काय अक्कल?" त्यांनी रक्त गिळलं, चपला घातल्या आणि गेले. सोमवारी कारखान्यात मला एवढंच म्हणाले, "पंखा चालू होता. तू बघत होतीस ना?" मी हो म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढं त्यांचं लग्न झालं, पेढे वाटले, माझ्याही टेबलावर एक ठेवला.

त्या सोमवारी घरी आले, हातपाय धुतले, तुम्हाला कुशीवर वळवलं, चकतीवर वेटोळं चिकटवलं. तुम्ही विचारलंत, "तो इल्लो काय कामार?" मी बटण शून्यावरून शेवटपर्यंत एकदम फिरवलं. तुमचं अंग धनुष्यासारखं वाकलं, पाय ताठ झाला, तोंडातून आवाज निघाला तो तुमचा नव्हताच. वायरीवरून हात झटकता येतो, पण हा करंट आत होता, त्याला उलटा हात नव्हता. मी पाचपर्यंत मोजलं आणि बटण खाली आणलं. म्हटलं, "करंट बसल्याशिवाय अक्कल येत नाही, अण्णा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. मालक बदलला की कुत्रं बघतं, तसं.

मग ती सवयच झाली. रोज नाही. तुम्ही पाणी फेकलंत की, शेजारणीसमोर माझ्या लग्नाचा विषय काढलात की, आणि कधी कधी काहीच कारण नसताना, माझाच दिवस वाईट गेला म्हणून. आधी एक धक्का, मग नीट, तिळातिळानं, तासभर. तुम्ही बदललात. आईशी जन्मात कधी गोड बोलला नसाल, मला "गो बाय" म्हणायला लागलात. "हळू लाव गो बाय." जेवण कसंही असलं तरी चांगलं झालंय म्हणायचात. मी पट्टी कापायला लागले की तुम्ही उशीचं टोक दातांत धरायचात, आणि मी हळू लावलं की डोळे उघडून चकित व्हायचात. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "काय सेवा करते पोर, बापसुद्धा कसा निवळला बघ." मला ते आवडायचं. तुम्हाला भ्यालेलं बघायलाही आवडायचं.

सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे तपासायला गेलो. त्यांनी माझ्यासमोर विचारलं, "धक्के वगैरे बसतात का?" तुम्ही सरळ बसलात आणि स्वच्छ मराठीत म्हणालात, "नाही डॉक्टर. मुलगी फार काळजीनं लावते. बरं वाटतं." परतताना टॅक्सी केली होती, तुम्हाला बसवेना म्हणून. तुम्ही मागच्या सीटवर आडवे, डोकं माझ्या मांडीवर. मला राहवेना. विचारलं, "का नाही सांगितलंत?" मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल की तू माझी मुलगी, किंवा मीच तुझं वाटोळं केलं. तुम्ही टॅक्सीच्या छताकडे बघत म्हणालात, "सांगितलंय असतंय तर तेनी डबो काढून घेतलो असतो. तुझो धक्को एकदाच. ही आग रात्रंदिवस."

एवढंच. माफी नाही, माया नाही. तुम्ही फक्त दोन दुखणी शेजारी शेजारी ठेवून बघितली होती आणि मी दिलेलं लहान ठरलं होतं. ज्या धक्क्यानं तुमच्या तोंडून जनावराचा आवाज निघायचा, तो सोसूनही तुम्हाला तो तास हवा होता. मग उरलेल्या बावीस तासांत त्या पायात काय होत असेल? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे मी शंभरदा बोलले असेन, त्या टॅक्सीत पहिल्यांदा समजलं. चार वर्षं तुम्ही सोंग करत नव्हता.

पुढच्या वर्षी आतली तार सरकली. करंट पायात जायचा तो बरगडीत जायला लागला, आणि पुन्हा कापून घ्यायला तुम्ही तयार झाला नाहीत. डबा कपाटात गेला. तुम्ही अजून दोन वर्षं जळत राहिलात आणि एका सकाळी मी कामावर असताना गेलात. तेरावं झाल्यावर मी डब्यात नवी बॅटरी घातली, वेटोळं स्वतःच्या दंडावर चिकटवलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही झालं नाही. कातडीखाली चकती नसेल तर तो नुसता डबा. तुम्हाला मी काय देत होते ते मला घेता येत नव्हतं.

आज येत होतं. म्हणून दवाखान्यातल्या त्या मुलीला म्हटलं, "एकदम शेवटपर्यंत वाढव ना." ती घाबरली. म्हणाली, "नाही आंटी, किती दुखेल माहितीये? हळूहळूच वाढवायचं असतं. असं कुणी करत नाही." मी बरं म्हणाले. पोर चांगली आहे, दर वेळी विचारते, आता ठीक ना, आता ठीक ना.

हे पत्र कुठं टाकणार? डबा अजून कपाटात आहे, त्याच्याखाली घडी करून ठेवीन. मात्र टॅक्सीचं लिहिताना एक गोष्ट गाळली. वाचणाऱ्याला वाटेल, तिथून मी सुधारले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी कापली, वेटोळं चिकटवलं. तुमची आग केवढी आहे ते आता मला ठाऊक होतं, आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही हेही. तुम्ही उशीचं टोक दातांत धरलंत. मी बटण एकदम फिरवलं.