एकशे सोळा वाक्यं

विश्रांतवाडी, पुणे
१९ नोव्हेंबर २००३

प्रिय मच्छिंद्र,

आधीच्या चार पत्रांना तुझं उत्तर नाही, तेव्हा या पाचव्यालाही येणार नाही असं धरूनच लिहायला बसलो आहे. दोन वर्षं झाली तू पुस्तक हातात घेऊन. कारण विचारलं की तू डोळ्यांवर ढकलायचास. डोळे तुझे उत्तम आहेत. गेल्या रविवारी मी लोणीला एसटीतून उतरलो तेव्हा तू मला शंभर पावलांवरून ओळखलंस आणि बाजेवरून उठून मळ्याकडे चालू लागलास. मी साडेचारपर्यंत थांबलो. तू आला नाहीस. तुझ्या घरात मी तुझ्याविना बसलो होतो त्या तीन तासांबद्दल लिहायचं आहे, पण आधी पुस्तकं. आपली रीत तीच होती.

दिवाळीत एक कादंबरी वाचली. सध्या फार गाजते आहे. संगणकातल्या नवरा-बायकोची गोष्ट. दोघं हिंजवडीला कामाला, फ्लॅट नवा, बोलणं निम्मं इंग्रजी, दुःख मात्र पूर्ण मराठी. पान ८४ वर नायक संध्याकाळी सहाला कंपनीतून निघतो आणि सव्वासहाला डेक्कनवर कॉफी पितो. कोणत्या रस्त्याने आला ते लेखकाने लिहिलेलं नाही, नाहीतर आपणही त्याच रस्त्याने गेलो असतो. आमचा दिग्विजय त्याच धंद्यात आहे. त्याला दाखवलं तर म्हणाला, बाबा, फिक्शन आहे ते, चिल करा ना. मी म्हटलं, फिक्शनमध्ये ट्रॅफिक नसतो का. तो गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. तरी एक सांगतो. कोणी येणार नाही हे माहीत असून ती बायको शेवटी रिकाम्या फ्लॅटमधले दिवे एकेक करून लावत जाते, ते पान खरं आहे. पूर्वी मी तुला हे कळवलं नसतं. नुसतं पान ८४ कळवलं असतं.

दुसरं एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र. चारशे अठ्ठावीस पानं. साहेब सात जिल्ह्यांत राहिले आणि एकाही जिल्ह्यात चुकले नाहीत. हाताखालची माणसं तीनदा चुकली, ते साहेबांनी निस्तरलं. तारखा आणि वार मी जुन्या पंचांगांशी ताडून पाहिले. सगळे बरोबर. मच्छिंद्र, इतकं बिनचूक पुस्तक मी आजवर वाचलं नव्हतं, आणि त्यातलं एकही पान मला खरं वाटलं नाही. हे वाचताना मला उगाच अस्वस्थ होत होतं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

तिसरं लोणीहून परतल्यावर, सोमवार-मंगळवारी वाचलं. एका परिचारिकेच्या आठवणी, एकशे दहा पानांच्या. पान २० वर जो रोगी बेचाळीस वर्षांचा आहे तोच पान ३१ वर सदतीस वर्षांचा होतो. मी पेन्सिल उचलली. त्याच पानावर पुढे तिने लिहिलं आहे, की माणूस गेल्यावर त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढायचं काम तिचं, आणि घड्याळाखालची पांढरी कातडी दिसली की तिला कळायचं, हा उन्हात कामाला जाणारा होता. मी पेन्सिल खाली ठेवली. वय सदतीस असो की बेचाळीस. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ठेवली, आणि ज्याला हे कळवायचं तो उठून मळ्यात गेला होता.

आपलं कार्ड आठवतं ना? एकोणऐंशी साली वाचनालयाचं एकच कार्ड काढलं, तुझ्या नावावर. सोमवार ते बुधवार पुस्तक तुझं, गुरुवार ते शनिवार माझं, रविवारी सायकलवरून जाऊन बदलायचं. दर गुरुवारी कारखान्यातल्या स्टोअर्सच्या खिडकीतून तू मला लेथची हत्यारं द्यायचास आणि त्यांच्याखाली फडक्यात पुस्तक. आत तुझी चिठ्ठी. तुझ्या चिठ्ठीत असायचं, ‘म्हातारी गेली ते वाचून डबा तसाच घरी नेला.’ माझ्या चिठ्ठीत असायचं, ‘पान ११२, अमावास्येला चांदणं.’ मी सातवी पास. दोन दोन पदव्या घेतलेल्या लोकांच्या चुका पकडण्यात मला जे सुख होतं, ते तू वीस वर्षं चालवून घेतलंस. कधी म्हणाला नाहीस, बद्री, अरे त्या म्हातारीचं काय?

मग नव्व्याण्णव साली स्वेच्छानिवृत्ती आली. इच्छा कंपनीची, निवृत्ती आपली. तू लोणीला शेतावर गेलास. मी इथे प्रकाशकांना चुकांची पोस्टकार्डं धाडू लागलो. त्यांतल्या श्यामसुंदररावांनी एक दिवस बोलावून घेतलं. म्हणाले, “बद्रीनाथराव, छापून झाल्यावर आपण जो त्रास देता, तो छापण्याआधी दिलात तर उपकार होतील.” मला अभिमान वाटला. त्यांची पद्धत अशी, की हस्तलिखितावरच्या लेखकाच्या नावावर कागद चिकटवायचा आणि मग ते वाचकाला द्यायचं. दोन हजार एकच्या जूनमध्ये त्यांनी मला एक कादंबरी दिली. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधली, एका कामगाराच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली, मुलीच्या वळणदार अक्षरातली. तीनशे बारा पानं. मी आठ दिवसांत चौदा पानी अहवाल दिला. एकशे सोळा चुका, प्रत्येकीचा पान क्रमांक, मूळ वाक्य, त्याखाली माझा शेरा. शेवटी दोन शब्द: छापू नये.

रविवारी प्रेमलावहिनींनी चहा दिला, मग ट्रंक उघडली आणि ती चौदा पानं माझ्यासमोर ठेवली. त्यांना वाचता येत नाही हे तुला-मला माहीत आहे. म्हणाल्या, “भावजी, ह्ये अक्षर तुमचंच हाय ना? चिठ्ठ्यांवर असायचं त्येच.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षं तू पहाटे उठून स्टोअर्सच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहायचास. तुझ्या पुतणीने, नम्रताने, चार महिने बसून ते चांगल्या अक्षरात उतरवलं. मला सांगायचं नाही अशी घरात ताकीद होती. “छापून आलं की भावजीच्या हातात ठेवायचं, म्हनायचं. त्येला एक बी चूक घावायची न्हाई, म्हनायचं.” मग पुस्तक परत आलं, आणि त्यावर ही पानं. श्यामसुंदररावांनी तुझं नाव माझ्यापासून झाकलं. माझं अक्षर तुझ्यापासून झाकायचं त्यांना सुचलं नाही. तू ती पानं उभ्याउभ्या वाचलीस आणि जेवायला बसलास. शिमग्याला हस्तलिखित, पावत्या, सगळं रद्दीत घातलंस. ही चौदा पानं तेवढी ठेवलीस. का ठेवलीस ते वहिनींना माहीत नाही. मला विचारायची हिंमत नाही.

येताना रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने मला नीट बघून घेतलं. “दीड वरसामागची रद्दी? सायेब, तिच्या पुड्यात लोकांनी फुटाणं खाऊन हात पुसलं.”

मी लिहिलेल्या प्रत्येक कागदाची कार्बन प्रत ठेवतो. घरी येऊन ती काढली. पान ४७: कोंडीराम टर्नर फिरत्या शाफ्टला बोट टेकवून इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक सांगतो. माझा शेरा: ‘अशक्य. बोट जाईल. लेखकाने लेथ पाहिलेलं नाही.’ ही थाप मीच तुला शहाऐंशी साली कॅन्टीनमध्ये मारली होती. तू ती पंधरा वर्षं खरी धरून चाललास. पान ६३: कोंडीराम एका हाताने जेवतो, दुसऱ्या हातात पुस्तक. शेरा: ‘कामगार असे वाचत नाहीत. मी वाचतो, पण मी अपवाद आहे.’ आणि पान २०८, जिथे ती बाई म्हणते, की माझा नवरा खचला तेव्हा कोंडीरामने त्याला रोज एक पान वाचून दाखवलं आणि माणसात आणलं. तुझा थोरला मुलगा गेला त्या वर्षी मी हे केलं होतं. माझा शेरा: ‘पात्र खोटं. इतका चांगला माणूस कारखान्यात असत नाही.’

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू ती देशील आणि पुन्हा मळ्यात जाशील. तू परत लिहिणार नाहीस हे मला ठाऊक आहे, मीही नसतं लिहिलं. सोबत वही पाठवतो आहे. माझे शेरे गाळून तुझी एकशे सोळा वाक्यं तीत पानांच्या क्रमाने उतरवली आहेत. तुझ्या पुस्तकातलं जगात उरलं आहे ते एवढंच. नम्रताला सांग, वहिनींना वाचून दाखवेल. सुरुवात नाही, शेवट नाही, मधले सांधे नाहीत, आणि सगळी मला चुकीची वाटलेलीच. उरलेली हजारो वाक्यं बरोबर होती. तीन रात्री आठवतो आहे, मच्छिंद्र, त्यांतलं एकही आठवत नाही. जिथे चूक नव्हती तिथे मी थांबलोच नव्हतो.

तुझाच, एका कार्डावरचा दुसरा,
बद्रीनाथ