माझ्या नावची काळी गाडी

केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. मुकेशले ताईचा आशीर्वाद. द्यावा लागते, म्हणून दिला.

इकडं सारे खुशाल. थंडीनं आईचा दमा वाढला, पण औषध चालू आहे. मेथी बरी निघाली, सांबार तर लयच फोफावला, तुझी समीक्षा त्याले कोथिंबीर म्हणते. समीक्षा अन् पोरगी मजेत असतीन. तुझी खुशाली मी विचारत नाही. चार दिवसांत सतरा फोन करणारा माणूस ठणठणीतच असते. फोन मी मुद्दाम उचलला नाही, कारण फोनवर तू मले बोलूच देत नाही. चिठ्ठीत तुले मधात तोंड घालता येत नाही, म्हणून लिहून राह्यली.

"ताई, गाडीचं कार्ड आलं असन, कोणाच्या हाती धाडून दे," हा तुझा मेसेज भेटला. आलं ना कार्ड! बुधवारी जगदेव पोस्टमननं आणलं. मी वाफ्यात सांबाराच्या जुड्या बांधत होती, हात चिखलाचे, म्हणून त्यालेच पाकीट फोडायले सांगितलं. त्यानं वाचलं अन् हसत सुटला. "ताई, पेढे काढा! एवढी मोठी गाडी घेतली अन् कोणाले पत्ता नाही?" गाडीची मालकीण शुभांगी रंगराव, मुक्काम केनवड. मालकीण अपंग, म्हणून रोड टॅक्स माफ.

वा रे पठ्ठ्या! सरकारी कागद मालकाच्याच पत्त्यावर येते, एवढं सुद्धा तुझ्या डोक्यात आलं नाही? अन् म्हणे वाशिमचा मोठा ठेकेदार.

मोठ्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांचा टॅक्स सरकारनं वाढवला, तवा तू किती बोंबलला होता. "ताई, गळा कापला गरिबाचा!" तू गरीब? दोन माणसं अन् एक लेकरू, त्याले ट्रकाएवढी डिझेलची गाडी कायले पाहिजे होती? वाढवला तर बरंच केलं. तू ते काळं धूड आमच्या फाटकापाशी तासभर चालू ठेवलं होतं, आतलं गार राहावं म्हणून. सायलेन्सरचं तोंड सांबाराच्या ढिगाकडं. चाळीस जुड्या काळ्या पडल्या, बाजारात कोणी हात लावला नाही. आई खोकून खोकून निळी पडली, तिले मी धरून आत नेलं. अन् निघताना वालाचा मांडव पाडून गेला, मागं वळून पाह्यलं सुद्धा नाही. धूर खायचा आमी, अन् टॅक्स माफ तुले. काय न्याय आहे बावा!

हे सारं भाऊबीजेचं आहे, गाडीले पक्का नंबर भेटायचा होता तवाचं. नऊ वर्षांत तू पहिल्यांदा भाऊबीजेले आला. दरवर्षी फोनवर पैसे धाडायचा अन् मोकळा व्हायचा. मी सकाळपासून पुरण शिजवलं. आईले नवं लुगडं नेसवलं. सच्ची सांगू? मले लय आनंद झाला होता. वाटलं, आपला भाऊ आला.

मी ओवाळलं. तू ताटात साडी ठेवली, अन् साडीखाली कागद. "ताई, अपंगाची पेन्शन वाढून राह्यली, इथं इथं सही कर. सर्टिफिकेट अन् फोटो दे, मीच सारं करतो." मी दहावी शिकलेली बाई. बाजारात कोणी एक जुडी जास्त उचलली तर त्याचा हात धरते. पण ओवाळणीच्या ताटातला कागद मी वाचला नाही, मुकेश. तेवढी मूर्ख मी झाली.

मंग म्हटलं, मले गाडीतून एक चक्कर तरी मारून आण. तू काय म्हणला? "सीट नवीन आहे ताई, माती लागन." तसं तर त्या पायरीवर माझा पाय चढतच नाही. अपंगासाठी टॅक्स माफ झालेली गाडी, अन् तिच्यात अपंग बाई चढू शकत नाही!

तुझ्या साखरपुड्याचं मी कधी काढलं नाही. आजही काढणार नव्हती. पण आता हात थांबत नाही. सोयरे बैठकीत बसले होते. मी पोह्याचा ट्रे घेऊन लंगडत आली, तर समीक्षाच्या मामानं विचारलं, "हे कोण?" तू पटकन म्हणला, "शेजारची आहे. भाजी आणून देते." मी ट्रे ठेवला अन् आत गेली. लग्नाच्या दिवशी मी तापाचं निमित्त सांगितलं, पण ताप नव्हता मले. मी वाफ्यात मेथी खुडत होती. मी तुझी बहीण आहे हे समीक्षाले नंतर कळलं तर ती बिचारी माझे हात धरून रडली. तू मात्र एका शब्दानं बोलला नाही, आजपर्यंत.

तवा माझा पाय लपवायचा होता, आता तोच पाय कागदावर दाखवायचा आहे. पाय तोच आहे रे. तुझी गरज तेवढी बदलली.

परवा, शुक्रवारी, मी जीपनं वाशिमले गेली. आरटीओत अर्ज दिला, कार्ड जोडलं. लिहिलं की गाडी माझी नाही, सही फसवून घेतली, माफी काढा अन् वापरणाऱ्याकडून पूर्ण टॅक्स घ्या. साहेब म्हणे, चौकशी होईन. तुले बोलावतीन. टॅक्स अन् दंड भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घे, नाहीतर ते उचलून नेतीन. म्हणून कार्डाची वाट पाहू नको.

साहेबानं अर्ज दोनदा वाचला. मंग चष्मा काढून विचारलं, "बाई, हा मुकेश तुमचा कोण लागते?"

माझ्या तोंडात 'भाऊ' आलाच होता. खोटं कायले बोलू? मंग म्हटलं, "कोणी नाही साहेब. शेजारचा आहे. भाजी न्यायले येते."

आई म्हणते, मुकेशले सांग, जेवायले ये. तिचा निरोप तिच्या नावानं लिहिला. माझा निरोप वर लिहून झाला.

तुझी शेजारीण,
शुभांगी