आधी शिफारस, मग आवड

१ जुलै, बुधवार
मुलीच्या शाळेत पालकसभा. प्राथमिकच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं सुचवणारी समिती नेमायची होती. मुख्याध्यापिकांनी विचारलं, कोण पुढे येतंय? सगळे पालक एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. मी आळस द्यायला हात वर केला तो नेमका तेव्हाच. एकमताने निवड. समितीत मी एकटाच. म्हणजे अध्यक्षही मीच.

घरी सांगितलं. बायकोने विचारलं, शेवटचं पुस्तक कधी वाचलं होतंस? मी म्हटलं, प्रश्न माझा नाही, पुढच्या पिढीचा आहे.

२ जुलै
संकल्प. एक, स्वतः वाचल्याशिवाय एकाही पुस्तकाची शिफारस करायची नाही. दोन, रोज पन्नास पानं. तीन, मुलीने माझ्या यादीतलं पुस्तक आपणहून मागितलं पाहिजे. आठ वर्षांची आहे, तिसरीत. हल्ली माझ्याजवळ येते ती चार्जर मागायला. पुस्तकाच्या निमित्ताने तरी शेजारी येऊन बसेल. खरं कारण हे. कुणाला सांगायचं नाही.

४ जुलै, शनिवार
ग्रंथालयाची पाहणी. एक खोली, सहा कपाटं, बुटक्या खुर्च्या. एकीवर बसलो. उठताना ग्रंथपाल बाईंनी हात दिला.

सगळ्यात जास्त कुठलं पुस्तक जातं, विचारलं. त्यांनी ‘दातदुख्या राक्षस, भाग पहिला’ काढून दिलं. बत्तीस पानं, निम्मी चित्रं, मधली दोन पानं चिकटपट्टीवर तगलेली. मी म्हटलं, यातून मुलं काय शिकणार? बाई म्हणाल्या, दात घासायला. बाई जरा आगाऊ दिसतात.

अभ्यासाला ‘आपला मित्र धातू’ घरी आणलं. पानं २१२.

५ जुलै
पान ४. लोखंड. डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर बदलला असणार. आधी तो तपासून घ्यायचा, मग वाचन.

८ जुलै
पान ४. चष्मेवाला म्हणतो नंबर तोच आहे. दुसरा चष्मेवाला बघितला पाहिजे.

१० जुलै, दुपारी ३
ऑफिसात. विचार केला. मी इथे दिवसाला दीडशे अर्ज तपासतो. ते वाचत बसलो तर झालंच कल्याण. अनुभवी नजर फक्त रकाने बघते. पुस्तकाचंही तसंच. नाव, मागचा मजकूर, वजन. साडेतीनपर्यंत पंचवीस पुस्तकांची यादी तयार. ‘आपला मित्र धातू’, ‘सवयी: एक चिंतन’, ‘टपाल खात्याची वाटचाल’, ‘नखांची निगा’ वगैरे.

पहिला संकल्प मोडलेला नाही. स्थगित आहे.

१५ जुलै
यादी शाळेत लागली. मुलीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. राक्षस घेऊन आली आणि म्हणाली, बाबा वाचून दाखव ना. म्हणजे आपणहून आली! पण पुस्तक यादीबाहेरचं. समितीच्या अध्यक्षानेच यादी मोडली तर लोक काय म्हणतील, हे तिला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आईकडे गेली. अर्धा तास आतून दोघींच्या हसण्याचा आवाज.

तत्त्वाने वागायचं तर सोसावं लागतं. वाईट वाटलं, पण जरासंच.

२२ जुलै
आठवडा झाला, यादीतलं एकही पुस्तक जागचं हललेलं नाही. धूळसुद्धा तीच आहे. म्हणून नियम काढला: आधी शिफारस, मग आवड. यादीतलं एक पुस्तक न्यायचं, परत करायचं, वहीत अभिप्राय लिहायचा. त्याशिवाय मनासारखं पुस्तक मिळणार नाही. बाई म्हणाल्या, बघा बुवा, तुम्ही म्हणताय तर. ही संमतीच.

२९ जुलै, बुधवार
घवघवीत यश! ग्रंथालयाच्या एका तासात एकोणीस मुलांनी शिफारशीची पुस्तकं नेली. आणि परतही केली. त्याच तासात! एका पठ्ठ्याने ‘टपाल खात्याची वाटचाल’ तीन मिनिटांत. काय तो वेग!

संध्याकाळी अभिप्रायाची वही घरी आणली. अकरा मुलांनी एकच लिहिलंय: मी वाचलो. व्याकरण कच्चं, पण भावना पक्की. लाल पेनाने अकराही ठिकाणी ‘मी वाचले’ अशी दुरुस्ती केली आणि समासात टीप दिली: पुस्तक नपुंसकलिंगी आहे. मुलींचं व्याकरण मात्र चोख. आठही जणींनी ‘मी वाचले’ असंच लिहिलंय. आठ जणींना शाबासकी.

१३ ऑगस्ट
तीन बुधवारांत चोपन्न अभिप्राय, सगळ्यांचा मजकूर तोच. वही घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेलो. दोन-चार पानं उलटून झाल्यावर त्या बराच वेळ रुमालात तोंड खुपसून बसल्या. भारावल्या असाव्यात. मी म्हटलं, तपासणीला पाहुणे येतील तेव्हा हे मोठ्याने वाचून दाखवू. त्या घाईघाईने नको म्हणाल्या. प्रसिद्धीचा हव्यास नाही बाईंना. जाता जाता म्हणाल्या, एकदा तुमच्या मुलीशी बोला.

१६ ऑगस्ट, रविवार
बोललो.

मुलीने वही मांडीवर घेतली आणि म्हणाली, बाबा, बरोबर होतं ते तू चुकवलंस. मग लहान मुलाला सांगतात तसं सावकाश सांगितलं. गाडीखाली येता येता माणूस कसा वाचतो? तसं वाचलो. पुस्तक परत केलं, सुटलो, वाचलो. मी विचारलं, आणि मुली? त्यांचं तर बरोबर होतं. ती म्हणाली, मुलीपण वाचल्या रे.

म्हणजे चोपन्नच्या चोपन्न.

तू काय लिहिलंस, असं विचारलं. तर तिने काहीच लिहिलेलं नाही. तुझ्या यादीतलं पुस्तक नेऊन खोटं कसं लिहू, म्हणाली. आणि खरं लिहिलं असतं तर तू रुसला असतास. म्हणून तीन बुधवार तिने पुस्तकच नेलं नाही. राक्षसाचा दुसरा भाग आला, मैत्रिणींनी आळीपाळीने नेला. ही तासभर त्या बुटक्या खुर्चीत हात बांधून बसायची. मला का नाही सांगितलंस, विचारलं. तू किती खूश होतास, म्हणाली.

जेवण गेलं नाही. फार वाईट वाटलं. जरासं नाही.

१७ ऑगस्ट
नियम मुळात चांगला होता, फक्त अंमलबजावणीत

हे वाक्य पुरं करणार नाही. राजीनामा दिला. पहिल्या ओळीतच मुख्याध्यापिकांनी मंजूर करून टाकला, खाली दीड पान मजकूर होता. नियम रद्द. यादी उतरवली. ‘आपला मित्र धातू’ परत केलं. ग्रंथपाल बाईंनी त्यातली खूण काढून दिली, कितव्या पानावर होती ते पाहिलं, आणि पुस्तक पटकन कपाटात लावून टाकलं. बाई चांगल्या आहेत.

१९ ऑगस्ट
मुलीने माझ्यासाठी पुस्तक आणलं. राक्षसाचा पहिला भाग, वर तिची चिठ्ठी: अक्षर मोठं आहे, कंटाळा आला तर चित्रं बघ. शेजारी येऊन बसली. मी वाचायला लागलो. राक्षसाचा आवाज जमत नाही म्हणून तिने दोनदा थांबवलं आणि मागच्या ओळीपासून पुन्हा घ्यायला लावलं. सतराव्या पानावर राक्षस दाताच्या डॉक्टरांना भिऊन कपाटात लपतो. बायको जेवायला हाका मारत होती. म्हटलं, थांब, तो अजून आतच आहे.

बत्तीस पानं, एका बैठकीत.

२२ ऑगस्ट, शनिवार
दुसरा भाग पाहिजे. पालकांनाही कार्ड मिळतं असं कळलं, म्हणून मुलीला घेऊन गेलो. अर्ज तिनेच भरला. इयत्तेच्या रकान्यात तिने ‘पहिली’ लिहिलं. दिवसाला दीडशे अर्ज तपासणारा माणूस मी, पण हरकत घेतली नाही. बाईंनी शिक्का मारला.

दुसरा भाग बाहेर गेलाय. माझा नंबर पाचवा. पुढचे चौघे पहिलीतले. समितीचा माजी अध्यक्ष आहे, असं सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, हो का, आणि पेन्सिलीने पाचच लिहिलं. चौथ्या नंबरवाली तिथेच उभी होती, पुढचे दोन दात पडलेली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, कपाटातून बगळ्याचं एक पुस्तक काढलं आणि म्हणाली, तोवर हे न्या काका. थोडं अवघड आहे, पण जमेल तुम्हाला.

नेलं. घरी येताना मुलीला हळूच विचारलं, अवघड म्हणजे साधारण किती?