खाणीच्या तळाचं पाणी

बाबा, दादा पोळ्यापासून माझ्याशी बोलत नाही. तुम्ही गेल्यावर त्याने काटोलच्या वाटेवर दगडाची खाण घेतली. हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार, म्हणून मीच सांगते आहे.

नंदनवनच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. आई तिळाच्या वड्यांसाठी गुळाचा पाक करते आहे आणि तुम्ही, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे, चमचाभर पाक थंड पाण्यात सोडता. तो तिथल्या तिथे कडक होतो. "लाव्हा वर आला का असाच झटक्यात गोठते. दगडातले दाणे वाढाले वेळच नाही भेटत. जमिनीच्या पोटात रस सावकाश निवला का दाणे मोठे होते, ग्रॅनाइटसारखे." आई म्हणते, "सरका तिकडे, पाक करपून राहिला." दादा तो तुकडा तोंडात टाकतो.

पुढे एकदा टेकडीवर मी कंटाळून म्हणाले, सगळा काळाच तर दगड आहे. तुम्ही रागावलात. "पाहून बोल वं." बाटलीतलं पाणी दगडावर ओतलंत, ते फटीत दिसेनासं झालं. तापलेला खडक निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि आपल्याकडच्या विहिरींचं पाणी त्या तड्यांतूनच येतं, असं सांगितलंत.

दादाला खाण आणखी खोल न्यायची होती. त्याच्या परवानगीच्या सुनावणीला लगतच्या गावाने मला बोलावलं, कारण आता मीही तुमचाच विषय शिकवते. आदल्या आठवड्यात मी खाणीच्या तळाशी उतरले होते. काळ्या भिंतीतल्या तड्यांतून पाणी झिरपत होतं आणि पंप ते उपसून बाहेर फेकत होता. सुनावणीत एका बाईंनी विचारलं, "मॅडम, आमच्या विहिरीचं पाणी जाईन का?" दादा समोरच बसला होता. मी म्हणाले, "जाईल."

परवानगी नाकारली गेली. बाहेर दादाने विचारलं, "मले आधी घरी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तू हसला होतास."

तो गाडीत बसला. आता मी फोन केला की वहिनी उचलते आणि ते झोपलेत म्हणते, भर दुपारीसुद्धा. विहिरींना पाणी आहे. खाणीवरचे मजूर मात्र कामाच्या शोधात उमरेडकडे गेले, बायकापोरांसकट. तुम्ही असतात तर कुणाच्या बाजूने बोलला असतात, हे मला ठाऊक आहे, पण तेवढ्याने झोप येत नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. त्या बाईंनी विचारलं तेव्हा क्षणभर वाटलं, तुम्ही मला इतकं नीट शिकवायला नको होतं.