काळ्या करकोच्याची नोंद

बाबा, तुमची वही उद्या द्यायची आहे. पक्षी बघणारी कल्याणची काही मंडळी शहाडच्या नदीकाठाची जुनी यादी जुळवतायत, त्यांना ती हवी आहे. कोणी विश्वासानं काही मागितलं की मला नाही म्हणवत नाही, हे तुमचंच माझ्यात आलंय. पण वहीत एक ओळ खोटी आहे आणि ती माझ्यामुळे आहे. ती खोडायची आणि मगच वही द्यायची, असं ठरवून आज सकाळी मी नदीवर गेले. खोडायची तर घरी बसूनही खोडता आली असती म्हणा. पण तुमच्या अक्षरावर रेघ मारायला घरात हात धजेना.

नियम तुमचाच. दोघांनी पाहिलेलाच पक्षी वहीत जाणार आणि खाली दोघांच्या सह्या. नुसता आवाज ऐकला तर समासात एक गोल, सही नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची, दर रविवारी तुमच्या कारखान्याला सुट्टी म्हणून अंधारात उठवली जाणारी, थंडीला आणि तुमच्या शिस्तीला वैतागलेली. आई ओरडायची, "अहो, झोपू द्या की पोरीला एक दिवस!" तुम्ही म्हणायचात, "माझे डोळे आहेत ते. डोळे घरी ठेवून कसा जाऊ?" आणि ते खरंच होतं. मोतीबिंदू पिकत चालला होता, समोरचा वंचक बगळा कुठला आणि दगड कुठला हे तुम्हाला कळत नव्हतं. मी सांगायची, तुम्ही दुर्बीण लावायचात आणि जरा वेळानं "हं, दिसला" म्हणायचात. नवीन पक्षी मिळाला की मात्र वही तिथंच मिटायची आणि स्टेशनजवळ गरम जिलबी. त्या जिलबीपर्यंत लवकर कसं पोचायचं, हे मला चांगलं कळलं होतं.

त्या रविवारी धुकं आहे, पलीकडचा काठ अर्धामुर्धाच दिसतोय, माझे पाय गारठलेत. मी बोट दाखवून म्हणते, "बाबा, काळा करकोचा!" तुम्ही आयुष्यभर ज्याची वाट पाहिलीत नेमका तोच पक्षी मी निवडला. पुस्तकातल्या चित्रातली लाल चोच, लाल पाय मला पाठ होते. तिथं काहीच नव्हतं. एक चपटा दगड आणि मागे बंद पडलेली वीटभट्टी. तुम्ही दुर्बीण लावता. आता नेहमीसारखं "हं" म्हणतील, असं मला वाटतं. पण तुम्ही पुटपुटता, "एक पाय पोटाशी घेतलाय गं. आणि ही बाई कोण त्याच्याजवळ? दगडावर बसलीय बघ. मांडीवर वही आहे." मी डोळे फाडून बघते. दगड रिकामा. "हलू नका हो बाई," तुम्ही हळूच म्हणता, ती अगदी शेजारी असल्यासारखं. मग चिडून दुर्बीण खाली घेता. "वळवलीन मान. उडाला."

स्टेशनपर्यंत तुम्ही त्या बाईला बोल लावत होतात, "जरा म्हणून स्थिर बसवत नाही लोकांना." त्या दिवशीची जिलबी मी तशीच ठेवली. त्याच महिन्यात तुम्ही गेलात आणि विचारायचं राहून गेलं. मोठी झाल्यावर मी स्वतःची समजूत घातली, की तुम्हाला माझी थाप कळली होती आणि माझी लाज राखायला तुम्ही ती गोष्ट रचलीत. पण लाज राखायला नुसता करकोचा पुरे होता. बाई कशाला?

आपल्या काठावर आता भराव टाकून उंच भिंत घातलीय, तिथून नदी दिसतच नाही. म्हणून रिक्षानं पूल ओलांडून पलीकडे गेले. त्या काठावर मी जन्मात कधी गेले नव्हते. भट्टी नाहीशी झालीय, दगड आहे. चालून दमले होते, टेकले. वही मांडीवर घेतली, ते पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं. मघापासून ओरडणारी टिटवी एकदम गप्प झाली. मी वर पाहिलं तर धुक्यात दहा पावलांवर तो उभा होता, बाबा. लाल चोच, पांढरं पोट, एक पाय वर घेतलेला. एवढ्या वर्षांत मला तो एकदाही दिसला नव्हता. आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी कशावर बसलेय आणि माझ्या मांडीवर काय आहे. पाण्यावरून, पण अगदी कानाशी, कोणीतरी हळूच म्हणालं, "हलू नका हो बाई."

ती ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली आपल्या दोघांच्या सह्या आहेत आणि माझी आता खरी आहे. आजची वेगळी नोंदही केली नाही, ती तुमच्या अक्षरात आधीच झालेली आहे. हे पत्र वहीत ठेवत नाही, उद्या ती मंडळी वाचतील. तुमच्या दुर्बिणीच्या पेटीत राहील. एवढंच सांगायचं होतं, की समोर नुसती भिंत आहे हे ठाऊक असूनही, एकदा तुम्ही दिसाल म्हणून मी मान वळवली. तो उडाला. वाटभर तुम्ही जिला बोल लावलात, ती मीच होते.