तुझ्या तीन चांगल्या दाढा

आई, तू जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज मला तुझ्या त्या तीन दाढांवरून असा संताप आलाय, की पोरांच्या वह्या तपासायच्या सोडून हे लिहीत बसलेय. गेल्या आठवड्यात वर्गात पाढे घेता घेता माझा जबडा अडकला. तोंड धड उघडेना, मिटेना. पोरं आधी हसली, मग घाबरली. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दातांकडे नंतर पाहिलं. आधी माझ्या दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडमीट करायला लावलं. कट् असा आवाज आला. मग माझीच तीन बोटं उभी तोंडात जातात का ते पाहिलं, तर दोनच गेली. "दाढा ठणठणीत आहेत तुमच्या. जबड्याचा सांधा दुखावलाय. दात आवळून धरायची सवय आहे का?" पाच मिनिटांत निदान! गरम शेक, मऊ जेवण, थोडा व्यायाम आणि झोपताना दातांवर बसवायची एक पट्टी. मी घाबरत विचारलं, "दाढ काढावी लागेल?" त्या हसल्याच.

मला हसू आलं नाही. तुझं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी झालं होतं गं!

शाळेत जायच्या आधी मी तुमच्याबरोबर कोपरगावकडे ऊसतोडीला यायचे. तू डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते आहेस, दोन्ही हात मोळीला, आणि पदर उजव्या दाढांखाली गच्च. टोळीतल्या सगळ्या बायका तशाच चढायच्या. पदर ढळला तर खालचे गडी बघतील ना! नजर त्यांची वाईट आणि शिक्षा तुमच्या जबड्याला, हा कुठला न्याय? दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, दर वर्षी. मग भाकरी चावताना तुझा जबडा कटकट वाजायला लागला. तुझे धनी, आमचे दादा, ओरडायचे, "थोबाड वाजवू नको, गप गिळ की." तू भाकरी कालवणात भिजवून, अर्धीच खाऊन उठायचीस. उरलेली कुत्र्याला जायची आणि कुणी काही विचारायचं नाही.

पुढे काही वर्षांनी, एका हंगामानंतर गावी परतल्यावर तालुक्याच्या त्या दातवाल्याने लागोपाठ तीन बाजारच्या दिवशी तीन दाढा उपटल्या. दुखणं होतं तिथेच राहिलं. कानाजवळ साधं एक बोट ठेवायला त्याचं काय जात होतं? आठवडाभर मी भेटेल त्याला हे सांगतेय आणि त्या माणसाला शिव्या घालतेय.

पण एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. पहिल्या वेळी त्याने विचारलं, काय होतंय. परक्या माणसापुढे तू बोलायची नाहीस, म्हणून माझ्या कानाशी पुटपुटलीस, "दाढ न्हाई गं. हितं, कानाच्या म्होरं दुखतंय. सांग त्यास्नी." मी आठवीत होते, विज्ञानात वर्गात पहिली. मला वाटलं, हिला काय कळतंय. मी त्याला म्हणाले, "दाढ दुखतेय तिची." पुढच्या दोन्ही वेळा तू काही म्हणालीच नाहीस. नुसतं तोंड उघडलंस.